पिशवीतली लहान पुडी

तेल्हाऱ्याच्या एका लग्नात, अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी, रिकाम्या स्टेजसमोर उभं राहून एकट्यानं अक्षता टाकणारा माणूस कोणी पाहिला असेल, तर ते आमचे भाऊजी. नवरदेव तेव्हा वेशीपाशी घोड्यावर होता, नवरी पार्लरवालीच्या ताब्यात होती आणि आचारी अजून वांगी चिरत होता. पण पत्रिकेवर छापलं होतं अकरा पस्तीस. भाऊजींनी घड्याळ पाहिलं, अक्षता टाकल्या, हात जोडले आणि पंगतीच्या जागी जाऊन बसले. नवरीचा बाप धावतच आला.

"काहो भाऊ, वरात तं येऊ द्या!"

"मी उशिरा आलो काय?"

"नाही जी."

"मंग झालं. बाकीचं तुमी पाहा."

सख्खे भाऊजी नव्हेत हो. त्यांच्या वावराचा आणि आमच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, एक, एवढंच नातं. पण आमच्या ह्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, म्हणून ते माझे भाऊजी आणि मी त्यांची वयनी. आता ते अमरावतीला लेकीकडं राहतात. मागं मी गेले होते भेटायला. लेकीच्या इमारतीत लिफ्ट आहे. आम्ही सात जण आत शिरलो, दार लागणार तेवढ्यात भाऊजींनी भिंतीवरची पाटी वाचली. 'सहा व्यक्ती.' झालं. हा माणूस बाहेर. जावई म्हणाले, "बाबा, त्यात दोन लहान लेकरं हायेत." तर म्हणे, "लेकरू व्यक्ती नाही असं कुठं लिहिलं ते दाखवा." चार मजले चढून आले, धापा टाकत, पण मनानं एकदम समाधानी.

असा हा माणूस. छापलेल्या कागदावर त्यांचा जो विश्वास, तो आमच्या गावात कोणाचा देवावरही नसेल. नोकरी होती सरकारी कचेरीत, आवक-जावकच्या टेबलावर. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि पुढं सरकवायचा, एवढंच काम. पण हे प्रत्येक कागद आधी वाचायचे. साहेब म्हणायचे, वाचायचं काम तुमचं नाही. हे विचारायचे, "मंग कोणाचं हाये जी?" याचं उत्तर कोणत्याही साहेबाला शेवटपर्यंत सापडलं नाही, म्हणून नोकरी संपेपर्यंत भाऊजी त्याच टेबलावर.

घरातही तेच. कुकर आणला, तर आधी त्याचं पुस्तक वाचून संपवलं आणि मग डाळ शिजली. तोवर जाऊबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पातेल्यात शिजवलेली डाळ सगळ्यांची खाऊनही झाली होती. कोणी आजारी पडलं की हे औषधाच्या डबीतला घडी घातलेला कागद काढायचे. आमचे हे एकदा तापानं फणफणले होते. भाऊजी खाटेजवळ बसून मोठ्यानं वाचायला लागले, "मळमळ, चक्कर, अंगावर पुरळ, क्वचित प्रसंगी भ्रम." ह्यांनी हातातली गोळी हळूच वाटीत ठेवली आणि म्हणाले, "राहू द्या. उतरल्यासारखा वाटून राहिला."

जाऊबाई मात्र मोठी हुशार. जन्मभर सांगून थकली की जेवल्यावर आपलं ताट आपण उचलत जा. भाऊजी ऐकायचे नाहीत. शेवटी एकदा बाजाराच्या दिवशी तेल्हाऱ्याला गेली आणि फ्लेक्सवाल्याकडून एक पाटी छापून आणली. 'कृपया जेवणानंतर आपले ताट उचलावे. आदेशावरून.' चुलीच्या वर टांगली. त्या दिवसापासून आजवर भाऊजींचं ताट दुसऱ्या कोणी उचललेलं नाही. गावातल्या बायांनी तसल्या पाट्या मागवायचं मनावर घेतलं होतं, पण आमच्या नवऱ्यांना वाचायची सवय नाही, तर पाटीचं काय लोणचं घालता?

तर मुख्य गोष्ट त्या पुडीची.

कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हापासून पिशवीत एक लहान पुडी येत असे. साध्या कपाशीचं बी, बीटी नसलेलं. आम्ही सगळे पिशवी दुकानाच्या पायरीवरच फोडायचो आणि ती पुडी तिथंच टाकून द्यायचो. कोणी म्हणायचं कंपनी वजन भरायला टाकते, कोणी म्हणायचं जुना माल खपवते. आमचे हे म्हणायचे, "दुकानदार मिठाईसंग चिवडा देते तसं हाये." दुकानाच्या पायरीखाली पुड्यांचा उकिरडा व्हायचा. शेळ्यासुद्धा हुंगून पुढं जायच्या.

भाऊजी निवृत्त होऊन शेती पाहायला लागले, आणि पहिल्याच हंगामात ते पायरीवर बसून पिशवीतलं पत्रक वाचायला लागले. दुकानदार त्यांच्याकडं चोराकडं पाहावं तसा पाहत होता. एवढ्या वर्षांच्या धंद्यात पत्रक वाचणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलंच नव्हतं.

"हे वाचलं काय तुमी?" भाऊजींनी त्याला विचारलं.

"मी विकतो काका. वाचत नाही."

"ह्याच्यात लिहिलं, वावराच्या चोहीकडून पाच ओळी ह्या पुडीतल्या बियाच्या लावा लागते. त्याले आश्रय ओळी म्हणते."

"लिहा लागते म्हून लिहिते ते."

"आन् करा लागते म्हून कोण करते?"

दुकानदार म्हणाला, "काका, मांगं लाईन लागली."

भाऊजींनी आपल्या पुड्या घेतल्याच, वर पायरीखालच्याही वेचून रुमालात बांधल्या. पत्रकात होतं तसं दोरी ताणून, पावलं मोजून, चारी बाजूंनी पाच-पाच ओळी लावल्या. आमच्या धुऱ्याला लागूनही पाच. मी त्या दिवशी निंदायला बाया घेऊन वावरात होते. विचारलं, "भाऊजी, हे काय नवीन?"

त्यांनी मग धुऱ्यावर बसून आम्हाला जे समजावलं, ते पुढं कोणत्या शास्त्रज्ञानंही तसं समजावलं नाही.

"हे पाहा वयनी. बीटीच्या झाडात अळीसाठी जहर हाये. अळी पान खाते, मरते. पण हजारात एखादी पचवते. तिचं पाखरू होते. पाखरू झालं का त्याले सोयरीक पायजे. आता चोहीकडं बीटीच बीटी असन, तं त्याले जोडीदार कसा भेटन? असाच दुसरा, जहर पचवलेला. मंग त्याइची लेकरं कशी होतीन?"

"जहर पचवनारी," एक निंदणारी म्हणाली.

"हां! पण ह्या पाच ओळीत साधी, भोळी, जहर न चाखलेली पाखरं असली, तं त्याची सोयरीक इकडं जमते. लेकरं साधी निपजतात. बीटी खाल्लं का मेली. आपलं बियाणं टिकते."

मी म्हटलं, "म्हणजे तुमी पाखराइचं वधू-वर सूचक मंडळ काढलं म्हणा की."

"कंपनीनं काढलं. मी नुसता मांडव टाकला."

बाया हसून हसून विळे खाली ठेवायला लागल्या. त्यांच्यातली एक म्हातारी तेवढी हसली नाही. म्हणाली, "आमच्या गावात माणसं आपल्याच घोळक्यात सोयरिकी करतात, तिथं अळीले कोण समजावन बाप्पा!"

आता साध्या झाडावर अळी येणारच. ती यावी म्हणूनच तर ओळी. श्रावण सरता सरता भाऊजींच्या त्या पाच ओळींवर अळी दिसायला लागली आणि आमच्या ह्यांचा जीव टांगणीला लागला. सकाळ-संध्याकाळ धुऱ्यावर जाऊन बसायचे, जसं काही पलीकडून फौज येणार आहे. "शेजारी अळी पोसून राहिला आन् आपण पाहून राहिलो," एवढंच त्यांचं दिवसभराचं बोलणं. ते पारावर पोचलं, पारावरून सरपंचाकडं. सरपंचांच्या शेतातही पुड्या पडल्याच होत्या, गोठ्याच्या मागं. पण त्यांनी सभा बोलावली.

"भाऊ, तुमच्या त्या ओळी उपटा," सरपंच म्हणाले. "गावात अळी येऊन राहिली."

"पत्रकात लिहिलं हाये."

"पत्रक गेलं चुलीत. अळीले धुरा ओलांडाले का आधार कार्ड लागते?"

"ते पत्रकात नाही," भाऊजी म्हणाले. "पण कंपनीनं मले लावा म्हून लेखी दिलं. तुमाले उपटा म्हणायचं असन तं तुमीही लेखी द्या."

झालं. लेखी द्या म्हटल्यावर सरपंचांना चेव आला. सेतू केंद्रातून अर्ज टाईप करून आणला. सेतूवाल्यानं मजकूर टाईप केला, आणि प्रत्येक अर्जाच्या खाली तो सवयीनं जे टाकतो तेही टाकलं. सगळे जमले. कागद मधे ठेवला. आणि मग एकदम सगळ्यांना आपापली कामं आठवायला लागली. कोणाची म्हैस व्यायची होती, कोणाला अकोल्याची गाडी धरायची होती. पहिली सही कोणी करीना. एकदा एकानं केली की बाकीचे करणार, पण पहिला कोण?

पहिली मी.

शाळेत मी गेले दुसरीपर्यंत. बाकी अक्षरं शिकले ती खताच्या पोत्यांवरून, साबणाच्या कागदांवरून, दुकानदार ज्यात शेंगदाणे बांधून देई त्या पेपराच्या तुकड्यांवरून. वाचायला मला वेळ लागायचा, पण सही! सहीचा मी पाटीवर महिनाभर सराव केला होता. शेवटच्या अक्षराखालून एक रेघ मागं न्यायची, तिला गाठ मारल्यासारखी वळवायची, आणि खाली दोन टिंबं. गावातल्या माझ्या वयाच्या बाया अंगठे लावायच्या. मी म्हटलं, "आणा इकडं." सगळ्यांच्या देखत सही केली. रेघ मागं नेली, वळवली, दोन टिंबं दिली. सरपंच म्हणाले, "वा काकू!" माझ्यामागून धडाधड सह्या आणि अंगठे पडले.

भाऊजींनी कागद घेतला आणि वाचला. उलटून मागची बाजूही पाहिली. मग सगळ्यांकडं पाहून विचारलं, "हे सगळ्याइनं वाचलं काय?"

"वाचलं, वाचलं!" सगळे ओरडले. मीही ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच वावरात आले. पाच ओळी चारी बाजूंच्या, पात्यांना, म्हणजे कळ्यांना, आलेली झाडं, एकेक उपटली. मुळांची माती झटकायची, झाड धुऱ्यावर आडवं ठेवायचं, शेंडे एका दिशेला. जाऊबाई बांधावर डोक्यावर पदर घेऊन उभी होती. मला म्हणाली, "लावायच्या वेळेलेही असेच मोजून लावले होते, बाई." माझी सही फार चांगली आली होती, मी त्याच आनंदात होते.

मला हेही सांगू द्या की त्यांच्या त्या पाच ओळींनी पुढचं काही थांबलं असतं, असं मी म्हणत नाही. तेच म्हणायचे, "एका वावरानं काय होते, वयनी? सगळ्याइनं लावा लागत होत्या." त्या अर्जात 'यापुढेही लावू नयेत' असं होतं. म्हणून भाऊजींनी पुढं कधी लावल्या नाहीत. पुड्या मात्र ते आणत राहिले. पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. जाऊबाई म्हणायची, "एवढं हुंड्याचं सामान, आन् लग्न मोडलं."

मधल्या काळात अकोल्याला एक मोठा परिसंवाद झाला. जेवण होतं म्हणून आम्ही आठ-दहा जण गेलो. स्टेजवर दोन बाजूंना दोन तट. एका बाजूचे म्हणत होते, ह्या बियाण्यानं शेतकऱ्याचं सोनं झालं. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते, ह्यानं माती मेली, म्हशी आटल्या, आता माणसंही जातील. दोन्ही बाजूंनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. आम्ही जे बोलेल त्याला टाळ्या वाजवत होतो. मग प्रश्न विचारा म्हणाले, तर भाऊजी उभे. खिशातून ती पुडी काढली. "ह्या पुडीचं काय करायचं असते, हे दोघाइपैकी कोणी सांगन काय?"

एक बाजू म्हणाली, चांगला प्रश्न आहे. दुसरी बाजू म्हणाली, फार महत्त्वाचा प्रश्न आहे. मग सूत्रसंचालिका म्हणाली, जेवण तयार आहे. रांगेत पत्रावळी घेऊन उभे असताना दोन्ही बाजूंचे दोन साहेब भाऊजींजवळ आले, वेगवेगळे, आणि दोघांनीही हळूच विचारलं, "काका, ते पत्रक तुमच्याकडं आहे का? एक फोटो काढून घेऊ?"

मग ती चोर बीटी आली. तणनाशक मारलं तरी कपाशी मरत नाही, असं बियाणं. सरकारनं परवानगी दिली नव्हती, म्हणून ते ओळखीनं मिळायचं, पिशवीवर नाव नाही, गाव नाही. सगळ्यांनी लावलं. निंदणीचा त्रास गेला, आम्हा बायांची मजुरीही गेली, ते वेगळंच. आमच्या ह्यांनी भाऊजींसाठी एक पिशवी नेली. भाऊजींनी ती उलटीपालटी केली. आत हात घालून पाहिलं.

"ह्याच्यात पत्रक नाही."

"चोरीचं हाये, पत्रक कुठून येईन?"

"मंग हे कसं लावायचं ते कोणाले इचारू?"

"मले इचारा!"

"तुमाले कोणी सांगतलं?"

"मले... त्या अंजनगावच्या सोयऱ्यानं."

"त्याले?"

आमचे हे पिशवी उचलून परत आले. म्हणाले, "ह्या माणसासंग बोललं का आपलंच डोकं आपल्याले परकं वाटते."

आणि मग ते साल आलं, गुलाबी बोंडअळीचं. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. फुलं उमलेचनात, पाकळ्या आत वळून मिटलेल्या, त्याला आमच्याकडं डोमकळी म्हणतात. बोंड मात्र वरून कसं, हिरवंगार, टणक, नजर लागावी असं. फोडलं की आत गुलाबी अळी, आणि सरकी पोखरलेली. जिच्यासाठी बीटी आणलं ती अळी आता बीटी खाऊनच धष्टपुष्ट झाली होती. वेचायला गेलं तर हातात कवडी. काळी, चिकट, कापूस म्हणावा असं त्यात काही नाही. आमच्या सगळ्या वावरातून जे निघालं ते अंगणाच्या एका कोपऱ्यात मावलं.

भरपाई मिळणार म्हणून फॉर्म आले. प्रत्येकाला चार पानं. तिसऱ्या पानावर एक रकाना: 'आश्रय ओळी लावल्या होत्या काय? हो / नाही. नसल्यास कारण लिहावे व पुरावा जोडावा.'

सरपंच म्हणाले, "सगळ्याइनं 'हो'वर टिक करा. कोण पाहाले येते?" सगळ्या गावानं 'हो'वर टिक केली. जी पुडी दुकानाच्या पायरीखाली टाकली ती, कागदावर का होईना, चारी बाजूंनी पाच-पाच ओळींत उगवून आली. आमच्या ह्यांनीही केली. मग कोणीतरी म्हणालं, "आन् भाऊ?"

भाऊजी खोटं लिहिणार नाहीत हे लहान लेकरालाही माहीत. ते 'नाही' लिहिणार. कारण लिहिणार. आणि पुरावा म्हणून तो अर्ज जोडणार, ज्यात सगळ्या गावानं ह्याच ओळींना 'अळीपोषक' म्हणून उपटायला लावलं होतं. म्हणजे गावाच्या सगळ्या टिका खोट्या. सरपंचांनी अर्जाची दुसरी प्रत शोधून काढली आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. सेतूवाल्यानं सवयीनं टाकलेली ओळ तिथं होती: 'यातून पुढे काही नुकसान झाल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी खाली सही करणाऱ्यांची राहील.'

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांत वर, ऐटीत, मागं वळवलेल्या रेघेची आणि दोन टिंबांची माझीच सही.

"काकू, तुमीच जा," सरपंच म्हणाले. "तुमचे भाऊजी हायेत."

दुपारी गेले. भाऊजी ओसरीत फॉर्म घेऊन बसले होते, चष्मा लावून. दोन पानं भरून झाली होती. शेजारी तो अर्ज, घडीवर घडी नीट. जाऊबाईनं पाणी दिलं आणि म्हणाली, "समजाव बाई. मी सांगून थकली. आता छापून आणायलेही वेळ नाही."

काय बोलायचं ते घरून जुळवून आणलं होतं, पण आठवेना. म्हटलं, "भाऊजी, हा कागद जोडून राहिले काय?"

"पुरावा मागते."

"गावाची भरपाई जाईन."

"हो."

"आमचीही."

"हो." पेन खाली ठेवून म्हणाले, "माहीत हाये मले, वयनी. काल रात्रीपासून तेच वाचून राहिलो."

मग त्यांनी अर्ज उघडला आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. "ही तुमची?"

"माझी."

"ही करायच्या आधी कागद वाचला होता तुमी?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशी सभेत ओरडलेच होते. पण त्यांच्या बोटाखाली ती सही पाहून बोलवेना. म्हटलं, "नाही. मले वाचाले वेळ लागते. सही करता येते म्हणून केली. कोणीच नव्हता वाचला, भाऊजी."

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मला वाटलं आता रागावतील. तर त्यांच्या चेहऱ्यावर, काय सांगू, एखादं हरवलेलं सापडावं तसा भाव आला.

"न वाचता केली म्हणजे ते सही नाही," ते म्हणाले. "ते नुसतं नाव लिहिलं तुमी. सगळ्याइनं नावं लिहिली. मंग हा अर्जच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मले लेखी कोणी काही सांगतलंच नव्हतं."

आणि त्यांनी फॉर्मवर 'नाही'वर टिक केली. कारणाच्या रकान्यात, मी पाहत असताना, सावकाश, आवक-जावकच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'ओळी मी माझ्या मर्जीने उपटल्या व पुन्हा लावल्या नाहीत.' पुरावा: 'निरंक.' अर्ज घडी करून माझ्या हातात दिला. जाऊबाईनं आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, एवढा आवाज आला.

गावाला भरपाई मिळाली. सगळ्या गावाला, 'हो' वाल्यांना. सरपंचांनी पेढे वाटले. भाऊजींचा भरपाईचा फॉर्म नामंजूर झाला. उन्हाळ्यात त्यांना कृषी कचेरीचं पत्र आलं. मी वावरात पऱ्हाटीच्या, वाळलेल्या कपाशीच्या, काड्या गोळा करत होते, तर ते धुऱ्याच्या पलीकडून आले. हातात पत्र आणि खिशात पेन.

"वयनी, एक काम होतं. लगतच्या शेतकऱ्याची साक्ष पायजे म्हणते."

मी हात पदराला पुसले आणि कागद घेतला. आमचे हे झाडाखालून ओरडले, "कर ना सही, काहून वाट पाहून राहिली?" भाऊजी म्हणाले, "घाई नाही. वाचून करा."

मी उन्हात उभी राहून वाचायला लागले. शब्दाला शब्द लावत, बोट फिरवत. पत्रात होतं, की संबंधित शेतकऱ्यानं पिशवीतल्या सूचनापत्रकाकडं दुर्लक्ष केल्यानं त्याच्या शेतात अळीला प्रतिकारशक्ती निर्माण झाली. लगतच्या शेतकऱ्यांनी सूचनांचं पालन केलं असताना एकट्याच्या बेजबाबदारपणामुळं परिसरास धोका झाला. त्यानं यापुढं पत्रक काळजीपूर्वक वाचावं आणि तसं हमीपत्र द्यावं. खाली भाऊजींची सही झालेली होती. त्याखाली जागा: 'वरील मजकूर वाचला असून तो खरा आहे. साक्षीदार, लगतचा शेतकरी.'

"भाऊजी," मी म्हटलं, "हे खोटं हाये."

"छापलेलं हाये, वयनी."

"मी नाही करत."

"साक्ष नाही जोडली तं पुढच्या सालापासून मले भरपाईच्या यादीतून काढतीन. तिथं लिहिलं, मागच्या बाजूले." त्यांनी पान उलटून ओळ दाखवली. ती खरंच होती. मी तीही वाचली.

पेनाची शाई आधी उतरेना, म्हणून त्यांनी आपल्या तळहातावर दोन रेघा मारून चालू करून दिलं. मी सही केली. रेघ मागं नेली नाही, टिंबंही दिली नाहीत. साधं नाव.

भाऊजींनी कागद घेतला, शाईवर फुंकर घातली, आणि डोळ्यांजवळ धरून नीट पाहिला.

"आता कसं," ते म्हणाले. "ह्याले सही म्हणते."